वळणावरचं मूळ

सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार सरकलं, आणि जिच्या तपासणीच्या कार्डावर त्याने परवाच सही ठोकली होती तिच्यातून बाहेर पडताना त्याचाच पाय अडखळला. लिफ्टची जमीन मजल्यापेक्षा अर्धं बोट खाली राहिली होती. अर्धं बोट म्हणजे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. तो पडला नाही. पिशवीतली हत्यारं खणखणली, गुडघा वाकला, एक हात हवेत गेला आणि भिंतीला टेकला. मागून एक बाई म्हणाल्या, "सांभाळून हं," आणि त्याला वळसा घालून आपल्या कचेरीच्या काचेच्या दारामागे गेल्यासुद्धा. तो मात्र तिथेच उभा राहिला. भिंत गार होती. तळव्याला तो गारवा लागला आणि त्याला वाटलं, ही भिंत नव्हे, साल आहे. ओली, जाड, बोटांखाली जरा भुसभुशीत झालेली साल. दार मिटायला निघालं तसा तो परत आत शिरला. नियमाने त्याने लगेच 'बंद आहे' ही पाटी लावायला हवी होती. त्याने ती लावली नाही, बटणही दाबलं नाही, आणि दार मिटल्यावर त्या लहानशा उजळ खोलीत पिशवी छातीशी धरून तो नुसता उभा राहिला. आज गुरुवार होता. संध्याकाळी सहाला सभा होती, आणि त्या सभेत काय बोलायचं आणि काय गिळायचं हे सकाळपासून त्याने ठरवलेलं नव्हतं. खरं तर एकोणीस दिवस ठरवलेलं नव्हतं.

चौतीस वर्षं तो हेच काम करत आला होता. लिफ्ट वर जाते, खाली येते, त्याचं लोकांना फार कौतुक. पण खरी कसोटी ती थांबते तिथे असते. जमिनीला जमीन लागली पाहिजे. बाकीचे मेकॅनिक डोळ्यांनी बघून 'चालेल' म्हणायचे, हा खिशातून वीतभर लांबीची पाणसळ काढून दोन्ही जमिनींवर आडवी धरायचा आणि काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत हलायचा नाही. बुडबुडा मधोमध आला की त्याच्या स्वतःच्या पोटातही काहीतरी जागेवर यायचं. कामावर त्याची टिंगल व्हायची. रविवारी तो शहराबाहेरच्या रानात वाट दुरुस्त करायला जायचा, तिथल्या मंडळींनी तर त्याचं नावच पाणसळ ठेवलं होतं; सायकलवाली पोरं त्याला पाणसळकाका म्हणायची आणि त्याला ते मनातून आवडायचं. जगात निम्मी माणसं अर्ध्या बोटाने पडतात, असं तो सांगायचा. एवढी खात्री असलेल्या माणसाकडे बघून हसावं की त्याला हात जोडावेत, हे ऐकणाऱ्याला चटकन कळत नसे.

ही खात्री त्याच्यात आली कुठून, हे विचारलं असतं तर त्याने ताईकडे बोट दाखवलं असतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई पंधराची. शाळेत जाताना ती त्याचा हात असा धरायची की रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिच्या मनगटातून त्याला आधी कळायचा आणि पायाला मागून. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, कानाला यंत्र लावून तीस वर्षं लोकांची एकमेकांशी गाठ घालून देत राहिली, आणि तिची स्वतःची गाठ कुणाशी घालून द्यायची राहून गेली. त्याचंही तसंच. आता ती अडुसष्टची, तो एकोणसाठचा, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तिची नजर गेल्या चार वर्षांत अधू होत गेली तसा हा घर सपाट करत सुटला. पहिल्यांदा त्याने स्वयंपाकघराचा उंबरठा उखडला. मग न्हाणीघराची पायरी उतरती केली, गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला, पलंगाचे पाय कापून तो गुडघ्याइतका खाली आणला. ताई काही बोलली नाही. एकदाच, दूध तापायची वाट बघत उभी असताना, उंबरठा होता त्या जागी तिने पाय उचलून ठेवला आणि तो खाली जाऊन पडला तेव्हा ती जराशी हसली. ते हसू त्याने कौतुकाचं धरलं होतं. लिफ्टमध्ये उभं राहून आता ते हसू आठवलं तर त्यात कौतुक सापडेना.

लिफ्टचा दिवा किंचित गुणगुणत होता. त्याने डोळे मिटले आणि रान आलं. शहर संपतं तिथेच ते सुरू होतं. बसच्या शेवटच्या थांब्यावरून उतरलं की साखळी लावलेलं फाटक, आणि आत साडेचार मैलांची वाट. ती वाट कुणा एकाची नव्हती. सकाळी चालणारे यायचे, जाड टायरच्या सायकली घेऊन पोरंपोरी यायची, कधी दोन बायका घोड्यांवरून यायच्या. सगळे एकमेकांना आधी पाण्यात पाहत. सायकलवाल्यांना चालणारे म्हणजे रस्त्यात चरणारी गुरं वाटत आणि चालणाऱ्यांना सायकलवाले म्हणजे माथेफिरू. मग अकरा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात निम्मी वाट वाहून गेली, रानाच्या रखवालदाराने हात वर केले, आणि झक मारत सगळे फावडी घेऊन एकत्र आले. तिथेच त्याची सगळ्यांशी खऱ्या अर्थाने गाठ पडली. वाट सपाट असून चालत नाही, हे त्याला पहिल्याच रविवारी शिकावं लागलं. ती दरीच्या बाजूला चार बोटं कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून धावत नाही, वाट ओलांडून निघून जातं. मध्येमध्ये मुद्दाम उतार मोडायचा, एक खोलगट वळसा द्यायचा. लिफ्टमध्ये जो बुडबुडा मधोमध आणायचा तोच इथे एका कडेला ठेवायचा, आणि त्या चुकार बुडबुड्याकडे बघताना त्याला अपराधी वाटायचं आणि मौजही वाटायची. कुदळ मारली की मातीतून एक थंड वास वर यायचा. दुपारी सगळे एकाच ओंडक्यावर बसून पाव खायचे आणि कुणाचे बूट कुणाचे हे कळू नये इतके सगळ्यांचे पाय चिखलाने सारखे झालेले असायचे. आयुष्यात तो इतका सुखी दुसरीकडे कुठे झाला नव्हता.

नियम त्यानेच सुचवला होता. हत्यारांच्या खोलीत पत्र्याचा एक डबा होता, त्यात पांढऱ्या आणि लाल फिती. वाटेवरचा दगड हलवायचा असो, फांदी तोडायची असो, नवीन वळण काढायचं असो, चालणाऱ्यांपैकी कुणीतरी त्यावर पांढरी फीत बांधायची आणि सायकलवाल्यांपैकी कुणीतरी लाल. दोन्ही फिती आठवडाभर शेजारीशेजारी राहिल्या, तरच तिथे हत्यार लावायचं. एकच फीत असेल तर आठवड्याने मुकाट्याने सोडून न्यायची. डब्याच्या झाकणावर त्याच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'दोन फितींशिवाय ज्याने वाटेला हात लावला, त्याच्या हाती पुन्हा हत्यार नाही.' त्या वेळी सगळे हसले होते. "काका, हे फारच झालं," असं म्हणणारी त्यात एक मुलगी होती. ती बेकरीत कामाला होती, पहाटे पाव भाजून दहाला मोकळी व्हायची आणि घरी जाताना रानातून सायकल मारत जायची, अंगाला भाजल्या पिठाचा वास घेऊन. तिच्या सायकलला कुठल्याशा जुन्या सायकलवरून काढलेली पितळी घंटी होती, ती इतकी बेसूर की तिचं नावच घंटी पडलं. खाली उतरणीवर, जिथे वाट एका म्हाताऱ्या झाडाला वळसा घालते, तिथे त्या झाडाचं मनगटाएवढं मूळ वाट आडवं ओलांडून गेलेलं होतं. घंटी तिथे पोचली की वेग कमी करायची, चाक मुळावर चढायचं, उतरायचं, आणि घंटी आपसूक वाजायची. टण्ण. खालून येणाऱ्याला कळायचं, आली बेकरी.

ताईही रोज सकाळी त्या वाटेवर चालायला यायची, आणि त्या मुळाला अडखळूनच ती एकदा पडली होती. पडली म्हणजे काय, तळहात खरचटला, गुडघ्याला माती लागली. घरी येऊन तिने आपणच हात धुतला. तिने सांगितलंसुद्धा नसतं, पण त्याला साबणाच्या पाण्यात लालसर रंग दिसला. दुसऱ्याच दिवशी त्याने मुळाला पांढरी फीत बांधली. आठवडा गेला, लाल फीत आली नाही. त्याने पांढरी सोडली नाही. दुसरा आठवडा गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याने घंटीला वळणावर गाठलं. ती एक पाय मुळावर टेकवून सायकलवरच बसली होती आणि पाणी पीत होती.

"नको काका," ती म्हणाली. "हे राहू दे. इथे सगळ्यांचा ब्रेक लागतो."

"ब्रेक हाताने लावायचा असतो."

"हाताने लावायचा असतो हो, पण लावतं कोण? मी पण नाही लावणार. हे आहे म्हणून लावते."

"माझी बहीण पडली इथे."

तिने पाण्याची बाटली खाली केली. मग म्हणाली, "त्यांना लागलं का खूप?" आणि तो म्हणाला, "लागलं असतं." तिने मान हलवली, बाटली अडकवली, आणि "बघते काका, विचार करते," असं काहीतरी पुटपुटत निघून गेली. तिच्या घामेजल्या पाठीकडे बघताना त्याला पहिल्यांदाच तिचा राग आला. हिला काय कळतंय, असं त्याच्या मनात आलं. सव्वीस वर्षांच्या हाडांना काय कळतंय.

बुधवारी त्याची अर्धी सुट्टी असायची. त्या बुधवारी दुपारी रानात कुणी नव्हतं. आभाळ भरून आलेलं, पानांखालचा उजेड हिरवा आणि जडशीळ, पाण्याखाली उतरल्यासारखा. हत्यारांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच असे. त्याने करवत घेतली. मूळ वरून वाळकं दिसत होतं पण आत ओलं निघालं, करवत मधेमधे अडकत होती, आणि भुशाचा वास गोडसर होता. दोन टोकं कापून त्याने ते पहारीने उपटलं तेव्हा जमिनीतून एक बारीक तडतड आली, शिवण उसवावी तशी. मागे राहिलेला खळगा त्याने मातीने भरला, पायाने चोपला, वर पानं पसरली. मग सवयीने खिशातून पाणसळ काढून तिथे आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध आला. इतकं शांत त्याला क्वचितच वाटलं होतं. पांढरी फीत सोडून त्याने खिशात घातली, आणि ते मूळ टाकून देववेना म्हणून पोत्यात गुंडाळून घरी नेऊन आपल्या पलंगाखाली सरकवलं. नियम आठवला नाही असं नाही. पण नियम वाटेसाठी होता आणि हे ताईसाठी होतं, आणि दोन्हींत फरक आहे असं त्या हिरव्या उजेडात त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्याच रात्रीपासून पाऊस लागला. वाट ओली असली की फाटकाची साखळी लावायची, कुणी आत जायचं नाही, नाहीतर चाकांच्या आणि बुटांच्या चऱ्या पडतात. हे सगळे पाळत. गुरुवार, शुक्रवार साखळी होती. भुसा वाहून गेला, माती बसली. शनिवारी सकाळी ऊन पडलं आणि साखळी त्यानेच काढली. ताई खालून चालत निघाली. साडेदहाला घंटी वरून आली. वळणावर मूळ नव्हतं, म्हणून वेग मोडला नाही, म्हणून घंटी वाजली नाही, आणि ताई वाटेच्या ऐन मध्यावर उभी होती. खुब्याचं हाड मोडलं. घंटीने आपलं जाकीट काढून तिच्या डोक्याखाली घातलं आणि रखवालदार येईपर्यंत तिचा हात धरून बसली, असं रखवालदार सांगत होता.

मूळ गायब आहे हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. आणि ते कुणी काढलं असेल हेही सगळ्यांना लगेच कळलं. "वेग पाहिजे होता यांना," चालणाऱ्यांचे म्होरके असलेले जुने हेडसर म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झाले होते, शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "फीत नाही, विचारणं नाही. कापलं आणि मोकळे. आणि म्हातारीला उडवली." एवढं बोलून त्यांनी कागद तयार केला, सायकलींना रान कायमचं बंद करावं म्हणून. रखवालदाराने कागद घेतला आणि सांगितलं, गुरुवारी सहाला वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळ्यांनी या, मत घेऊ, मग मी वर पाठवतो. कुणीतरी घंटीच्या तोंडावर विचारलं, तूच कापलंस ना? ती म्हणाली, नाही. बस, एवढंच. पांढरी फीत कुणाची होती, तीन आठवडे ती तिथे कुणी ठेवली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं; चिखलाने माखलेल्या त्या फितीकडे बाकी कुणी लक्षही दिलं नव्हतं. ती ते बोलली नाही. आणि तोही मूग गिळून बसला. पहिल्या दिवशी ताईचं ऑपरेशन होतं म्हणून, दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर नीट आली नव्हती म्हणून, तिसऱ्या दिवशी दोन दिवस गप्प बसलो हे कसं सांगायचं म्हणून. पुढे पुढे तर कारणही लागेनासं झालं. रात्री पलंगावर पडला की पाठीखाली, गादीच्या आणि फळीच्या खाली, त्याला ते मूळ जाणवायचं. कधी स्वप्नात ते लिफ्टच्या काळोख्या चौकोनी विहिरीतून दोरांच्या जागी वर वर येत असायचं, आणि मजल्यामजल्यावर लोक शांतपणे त्याला धरून उतरत असायचे.

कुणीतरी सहाव्या मजल्यावरून बटण दाबलं असावं. लिफ्ट हलली. तो दचकला, आणि दार उघडताच त्याने समोरच्या माणसाला हाताने अडवलं. "बंद आहे. पायऱ्यांनी जा." त्या माणसाने पाटी कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघितलं. "मीच पाटी," असं म्हणून तो बाहेर आला, खरी पाटी लावली, कार्डावरच्या आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली आणि वेळ लिहिली. सही खोडायला किती सोपी असते, हे त्याला चौतीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मग त्याने कामावर फोन करून दुसरा मेकॅनिक मागवला आणि भर दुपारी घरी गेला.

ताई खिडकीशी खुर्चीत होती, समोर चार पायांचा वॉकर. शेजारीण सकाळी येऊन जायची, दुपारी ती एकटीच असे. पावलांवरून तिने त्याला ओळखलं.

"इतक्या लवकर? नोकरीवरून काढलं की काय?"

"नाही ग. लिफ्टमध्ये ठेच लागली."

"तुला?" ती मनापासून हसली. "मग जग बुडालं म्हणायचं."

त्याने पाणी प्यायलं. पेला ठेवला. हे वाक्य एकोणीस दिवस त्याच्या जिभेखाली होतं आणि ते विचारायची त्याला भीती वाटत होती, कारण उत्तर काहीही आलं तरी ते आपल्याच दारात येणार हे तो जाणून होता. "ताई, त्या दिवशी तू मधोमध का उभी होतीस?"

ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिला खिडकीचा फक्त उजेड दिसायचा.

"हे मला कुणी विचारलंच नाही बघ," ती म्हणाली. "हेडसर आले, फळं ठेवून गेले. रखवालदार आला, त्याने सगळं त्या पोरीला विचारलं. डॉक्टर म्हणाले दुखतंय का. मधोमध का उभी होतीस, हे कुणी नाही विचारलं."

"मी विचारतोय."

"मी ते मूळ शोधत होते रे."

त्याने खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

"मला लांबचं दिसत नाही, तुला माहीत आहे. पण ते मूळ पायाला लागलं की मला कळायचं, वळण आलं. मग मी त्याच्यावर डावा पाय ठेवायची, झाडाला टेकायची, दम खायची. वरून टण्ण वाजलं की आतल्या अंगाला व्हायची. ती पोरगी थांबायची रोज. आज कसला पाव केलास, मी विचारायची. ती सांगायची. रोज." तिने वॉकरच्या दांडीवर बोट फिरवलं. "त्या दिवशी पायाला लागेचना. मला वाटलं, आपण वाट चुकलो का? दोन पावलं पुढे, दोन मागे, पायाने चाचपत होते. तेवढ्यात ती आली. बिचारीची चूक नाही काही."

"पण तू त्याच्यावरच पडली होतीस ना? त्याच्या महिनाभर आधी?"

"ते होय? नव्या बुटांनी. तळवे जाड होते मेल्यांचे, काही कळायचंच नाही पायाला. दुसऱ्या दिवशी जुने घातले." मग तिला त्याच्या श्वासात काहीतरी ऐकू आलं असावं. तीस वर्षं ती माणसं नुसत्या आवाजावरून ओळखत आली होती. तिने त्याच्याकडे तोंड वळवलं. "काय झालं?"

तो आतल्या खोलीत गेला, पलंगाखालून पोतं ओढलं, आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिने पोत्याचं तोंड उघडून आत हात घातला. तिची बोटं सालीवरून फिरली, जिथे हजार बुटांनी आणि चाकांनी ती गुळगुळीत केली होती तिथे थांबली, मग कापलेल्या टोकावर गेली. बराच वेळ ती ते टोक अंगठ्याने चोळत होती. तो उभाच होता. वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखं त्याला वाटलं. तिने ओरडावं, असंही वाटलं.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"ते कळलं," ती म्हणाली. "उंबरठाही माझ्यासाठीच काढलास. पलंगही." ती रागावलेली नव्हती, थकलेली होती, आणि ते जास्त लागलं. "मला एकदा विचारावंसं नाही वाटलं तुला?"

त्याला रडू आलं. एकोणसाठाव्या वर्षी, दुपारच्या लख्ख उजेडात, हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच असताना तो रडला, आणि ताईने हात पुढे करून त्याचं मनगट शोधलं, धरलं. सोडलं नाही, पण "असू दे" असंही म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने पोतं त्याच्याकडे ढकललं. "सहाला आहे ना तुमचं? घेऊन जा हे."

वाचनालयाची वरची खोली भरलेली होती. एका बाजूला चालणारे, दुसऱ्या बाजूला सायकलवाले, मधे लग्नात दोन पक्ष बसावेत तशी मोकळी जागा. रखवालदाराने टेबलावर कागद ठेवला होता आणि त्यावर फितींचा डबा, कागद उडू नये म्हणून. घंटी शेवटच्या रांगेत दाराजवळ होती, हातात हेल्मेट. हेडसर बोलत होते. "आमचं कुणाशी वैर नाही. पण जे आपल्या सोयीसाठी झाडाचं मूळ कापतात..."

"मी कापलं," तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं आधी प्रस्तावना करावी, ताईचं सांगावं, फितीचं सांगावं. ते सगळं राहिलं. त्याने मधल्या मोकळ्या जागेतून जाऊन पोतं टेबलावर ओतलं. मूळ गडगडत कागदावर आलं आणि डब्याला आपटून थांबलं. मग त्याने सांगितलं, जमेल तसं, मागचं पुढे, पुढचं मागे. हिने मला नको म्हटलं होतं, हे सांगितलं. बुधवार सांगितला. "एकोणीस दिवस मी गप्प बसलो, आणि तुम्ही हिला बोल लावत होतात ते ऐकत होतो," हे सांगताना त्याने घंटीकडे बघितलं नाही. शेवटी ताई मधोमध का उभी होती ते सांगितलं, आणि ते सांगून झाल्यावर सांगायला काही उरलं नाही.

हेडसर खाली बसले. चष्मा काढून पुसत राहिले. रखवालदाराने मुळाखालून कागद ओढून काढला, त्याची चौघडी केली आणि खिशात घातली. "यावर आता मत कसलं घ्यायचं," तो म्हणाला. कुणी हरकत घेतली नाही. मग सगळ्यांची नजर डब्याच्या झाकणावर गेली, त्या ठसठशीत अक्षरांवर, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने खिशातून हत्यारांच्या खोलीची किल्ली काढून झाकणावर ठेवली. "राहू दे हो पाणसळ, एवढं काही..." कुणीतरी चालणाऱ्यांमधून म्हणालं. पण कुणी किल्ली उचलून त्याला परत दिली नाही. अकरा वर्षांचे रविवार त्या एवढ्याशा पितळेत होते. हात रिकामा झाला तसं त्याला छातीतलं काहीतरी कडेला सरकून पाणी वाहून गेल्यासारखं झालं.

तो जिन्याने उतरला. इमारतीला लिफ्ट होती, तो जिन्यानेच उतरला. मागून सायकलच्या बुटांची टकटक आली आणि घंटी त्याच्या बरोबरीने उतरू लागली. बाहेर अजून ऊन होतं. तिची सायकल कठड्याला लावलेली होती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ती कुलूप काढत होती. "मला रोज वाटायचं, आज तुम्ही सांगाल." तिने साखळी गुंडाळली. "दहा दिवस वाटलं. मग राग यायला लागला. अजून आहे, काका. खोटं कशाला बोलू."

"असू दे. असायलाच हवा."

ती सायकलवर बसली नाही. सायकल हाताने धरून, चाक मागेपुढे करत उभी राहिली. घंटी एकदा हलकेच किणकिणली तशी तिने ती तळव्याने दाबून धरली. "मी रोज येऊन जाते तुमच्या दारापर्यंत," ती म्हणाली. "पाव घेऊन. वर यायला पाय उचलत नाही, मग तो मीच खाते. उद्या येऊ का ताईंना भेटायला?"

ये की, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. दारच उघडं ठेवतो, असंही आलं होतं. ताईची खुर्ची खिडकीपासून कुठे सरकवायची, ही कुठे बसेल, वाटेतला वॉकर कुठे ठेवायचा, हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर मांडूनही झालं होतं. तो थांबला. ऊन तिच्या हेल्मेटवर होतं.

"तिला विचारून सांगतो," तो म्हणाला.